तीन नंबरचं दार

पाटाला पाणी आलं ते सकाळी आठच्या सुमारास, आणि थोरल्यांच्या शेताकडे ढुंकूनही न बघता पुढे गेलं.

थोरले फावडं घेऊन बांधावर उभे होते. उभं राहण्याचं तसं काही कारण नव्हतं. पाटावरचं तीन नंबरचं दार त्यांचं, आणि त्या दाराला कुलूप. तरी पाणी येणार म्हटलं की पाय आपोआप तिकडे वळत. आधी पालापाचोळा आला, मागून एक फुटकी चप्पल तरंगत आली, मग गढूळ पाणी, आणि तासाभरात पाट काठोकाठ वाहू लागला. बांधाच्या अलीकडे एकशे चाळीस लिंबोण्या पानं गुंडाळून उभ्या होत्या. मध्ये फक्त हातभर लोखंडी पत्रा.

"यंदा एकच पाळी," पाटकरी सायकलवरून उतरत म्हणाला. सगळ्या पाटाची दारं उघडायची-लावायची हे त्याचं काम. "बारा दिवस. त्याच्यावर थेंब नाही. धरणात गाळच उरलाय."

"आणि आमची?"

पाटकऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "कागदावर म्हणाल, तर तुमचे सहा तास आज दुपारपासून. पण तुमचं कसं असतं, दादा, तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांचं झालं की मग."

"आणि सगळ्यांचं झालं की पाट बंद."

"तसंच होतं खरं," पाटकरी म्हणाला, आणि चार नंबरचं दार उघडायला निघून गेला. थोरल्यांचे सहा तास सव्वीस वर्षं चार नंबरलाच जात होते. तिथे हिरवागार ऊस उभा होता.

दाराशेजारच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'साहेबांचं शेत. पाणी शेवटी.' प्रत्येक निवडणुकीच्या आधी कार्यकर्ते येऊन ती अक्षरं पुन्हा रंगवत. शेतातल्या माणसाला कधी कुणी विचारलं नाही. रंगाचे शिंतोडे मात्र बांधावरच्या गवतावर पडत.

साहेब म्हणजे थोरल्यांचा धाकटा भाऊ. जमीन दोघांची, कसणारा एक. धाकट्याला पहिल्यापासून बोलायचा नाद, आणि बोलतोही असा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपलंच मन बोलतंय. पाटाच्या शेपटाला पाणी पोचत नाही म्हणून तो तिशीच्या आत असतानाच कोरड्या पाटात अकरा दिवस बसून राहिला होता. लोक गोळा झाले, पाणी सुटलं, आणि त्याला निवडणुकीला उभं केलं. समोरचा उमेदवार काही खुळा नव्हता. तो म्हणाला, याचं स्वतःचं शेत बघा कुठे आहे, पाटाच्या तोंडाशी. हा लढतोय कुणासाठी?

दुसऱ्या दिवशी थोरले भुईमुगात खुरपत होते, तेवढ्यात ठोकाठोकीचा आवाज आला. खुरपं हातात तसंच घेऊन ते धावत गेले, तर बांधावर दोनशे माणसं, एक फोटोवाला, आणि धाकटा दाराला कडी-कोयंडा ठोकून कुलूप लावतोय. किल्ली वर धरून तो गरजला, "पाटाच्या शेवटच्या माणसाचं शेत भिजेपर्यंत हे कुलूप निघणार नाही." टाळ्या इतक्या झाल्या की थोरल्यांचं 'अरे पण' त्यात कुठल्या कुठे बुडून गेलं. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात थोरले तोंड उघडं टाकून दारावर हात ठेवून उभे, आणि खाली छापलेलं, 'थोरल्या बंधूंचाही मनापासून पाठिंबा.'

त्या कुलपावर धाकटा चार वेळा आमदार झाला. एकदा पडला, तीनदा पक्ष बदलला, आणि अकरा महिने मत्स्यखात्याचा मंत्री होता, ज्या वर्षी तळ्यात बेडूकसुद्धा उरला नव्हता. त्याने कुणाला कधी नाही म्हटलं नाही, कधी हो म्हटलं नाही. कुणी काहीही मागो, खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "बघतो." माणूस तेवढ्यावर खूश होऊन घरी जायचा. सव्वीस वर्षं सगळा तालुका त्या एका शब्दावर चालला होता.

आणि थोरल्यांचं शेत विहिरीवर. यंदा विहिरीने दगा दिला. तळाशी गुडघाभर चिखल उरला, आणि मोटर चालू केली की ती नुसती खोकायची.

थोरल्यांच्या बायकोला सगळा गाव वहिनी म्हणत असे, अगदी तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. साहेब म्हणत, म्हणून सगळे म्हणत. तिने दुपारी बादल्या काढल्या.

"दार उघडायचं नाही, एवढंच म्हणाले ना भाऊजी?" ती म्हणाली. "बादली बुडवायची नाही, असं कुठे लिहिलंय भिंतीवर?"

दोघांनी पाटातून बादल्या भरायला सुरुवात केली. काठ निसरडा, उतार उभा. वहिनी खाली उतरून बुडवायची, थोरले वरून ओढून घ्यायचे आणि झाडाच्या आळ्यात नेऊन ओतायचे. एका झाडाला चार बादल्या. माती एवढी तापलेली की पाणी पडलं की फस्स आवाज यायचा आणि बघता बघता आळं पुन्हा कोरडं. संध्याकाळपर्यंत एकोणीस झाडं झाली. थोरल्यांच्या तळहातांवर कडीचे वळ उठले होते. वहिनीची कंबर अशी धरली होती की तिला सरळ उभंच राहता येईना. ती तशीच वाकून घराकडे चालत गेली आणि वाटेत म्हणाली, "अशी चालताना भाऊजींनी बघितलं असतं, तर म्हणाले असते, जनतेपुढे नम्र व्हावं ते वहिनींसारखं."

थोरल्यांना हसू आलं, आणि हसताना पाठ दुखली.

दुसऱ्या दिवशी चोवीस झाडं झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल वाजली आणि डायरी आला. त्याचं खरं नाव आता त्याच्या घरच्यांना तरी आठवत असेल की नाही कोण जाणे. साहेबांच्या भेटीगाठी, लग्नं, मयती सगळं तो डायरीत लिहायचा, म्हणून डायरी. चार नंबरचा ऊसही त्याचाच.

"वहिनी, वर या आधी," तो काठावरूनच म्हणाला, आणि मोबाइल पुढे केला. वहिनी कमरेएवढ्या पाण्यात बादली बुडवते आहे, असा फोटो. "विरोधकांच्या पोराने काढलाय. खाली काय लिहिलंय वाचा. 'साहेबांचं शेत, पाणी शेवटी, पण गुपचूप आधी.'"

"गुपचूप कुठे? भर दुपारी आहे," वहिनी म्हणाली.

"तुम्हाला कळत नाही, वहिनी. आठवड्याभरात उमेदवारांची यादी लागतेय. साहेबांना या खेपेला तिकीट मिळेल की नाही, असं चाललंय. वय झालं म्हणतात. आता त्यांच्याजवळ राहिलंय काय? हे कुलूप. तेवढ्यालाच तुम्ही हात घातलात."

"कुलपाला कुणी हात लावला नाही. बादलीला लावला."

"लोकांना फरक कळत नाही," डायरी म्हणाला. मग थोरल्यांकडे वळून त्याने आवाज खाली आणला. "दादा, तुम्ही तरी समजून घ्या. सव्वीस वर्षं काढलीत, आठ दिवसांनी काय होतंय?"

थोरल्यांनी त्याच्या उसाकडे बघितलं. पाणी सरीसरीतून आरामात फिरत होतं. वहिनीने भरलेली बादली पाटात उलटी केली, सावकाश, डायरीला नीट दिसेल अशी.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

चौथ्या दिवशी थोरले तालुक्याला गेले. धुतलेला सदरा घातला, वहाणांचा चिखल पुसला. भावाच्या बंगल्यात जायचं तर एवढं करावंच लागे. ओसरीवर पन्नासेक माणसं बसली होती. कुणाची बदली, कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या मुलीच्या सासरचं भांडण. डायरीने थोरल्यांच्या हातात टोकन दिलं, त्रेचाळीस नंबरचं.

"घरचा माणूस म्हणून आधी सोडलं, तर लोक बोलतात, दादा. साहेबांना भेदभाव चालत नाही."

थोरले त्रेचाळीस नंबरची वाट बघत बसले. पंखा फिरत होता, पण वारा कोपऱ्यातल्या कॅलेंडरलाच लागत होता. शेजारचा म्हातारा म्हणाला, "साहेब फार मोठा माणूस. स्वतःचं शेत वाळवलं, पण शब्द मोडला नाही. हल्ली असा माणूस मिळतो का?" थोरल्यांनी मान हलवली. काय सांगणार? आपण वाळणारे आहोत म्हणून?

आत गेले तेव्हा दीड वाजला होता. भिंतीवर तो फोटो होताच, त्यात थोरल्यांचं उघडं तोंड. शेजारी काचेचं कपाट. त्यात ढाली, मानपत्रं, चांदीचा मुलामा दिलेला नांगर, आणि मधोमध मखमलीवर ठेवलेली तीन नंबरच्या कुलपाची किल्ली.

"या दादा, बसा. तुम्ही कशाला त्रास घेतलात?" धाकटा उठून म्हणाला. लोकांदेखत तो थोरल्यांना 'तुम्ही' म्हणायचा. दार लागलं की खुर्चीत सैल होऊन 'तू' वर यायचा. "काय रे दादा, किती काळा पडलायस. वहिनी कशी आहे?"

"कंबर धरलीय तिची. बादल्या ओढून."

"हां, तो फोटो." धाकट्याने कपाळ दाबलं. त्याचे केस काळे होते, पण मुळाशी बोटभर पांढरे दिसत होते. रंगवायलाही वेळ मिळाला नसेल. "दादा, असं करायला नको होतं."

"लिंबोण्या मरतायत. नऊ वर्षांची झाडं आहेत. खांद्यावरून पाणी वाहून जगवली मी. आणखी आठ दिवस गेले, तर सरपण होईल त्यांचं. किल्ली दे."

"देतो की. माझं काय अडतंय? यादी तेवढी लागू दे."

"झाडं यादी वाचत नाहीत."

धाकटा हसला. थोरले हसले नाहीत.

"तू लहान होतास तेव्हा तुला विहिरीत पोहायला मी शिकवलं," थोरले म्हणाले. "तुझी फी भरायला मी शाळा सोडली. ते मी कधी काढलं नाही. आजही काढलं नसतं. पण मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं का? एक तरी बदली, एक तरी परवाना? सहा तास पाणी मागतोय, आणि तेही माझंच."

धाकट्याचा चेहरा क्षणभर पूर्वीसारखा झाला, पोहायला घाबरणाऱ्या पोरासारखा. थोरल्यांना वाटलं, आता हा उठतो आणि काच सरकवतो. तो उठलाही. टेबलाला वळसा घालून जवळ आला, आणि त्याने थोरल्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघतो," तो म्हणाला.

थोरल्यांना असा संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. पंचावन्न वर्षांचा भाऊ, लहान असता तर कानाखाली ओढली असती. ते बाहेर पडले. ओसरीवरच्या म्हाताऱ्याने आशेने विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

"बघतो म्हणाले."

"मग झालंच तुमचं काम," म्हातारा म्हणाला.

पाणी नाही तर निदान झाडावरचं ओझं तरी उतरवावं, म्हणून पाचव्या दिवसापासून दोघांनी फळं तोडायला घेतली. बोराएवढी हिरवी लिंबं, दोन महिन्यांनी पिवळी झाली असती. एकेक फांदी खाली ओढायची, काट्यांतून हात घालायचा आणि खुडायचं. पिकवणाऱ्याच्या हाताला ते जमत नाही. बोटं देठाशी जाऊन थांबतात. थोरल्यांचे हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले, त्यावर लिंबाचा रस लागून आग आग व्हायची. झाडाखाली हिरवा सडा पडला. मग उसाचं पाचट आणून आळ्यांवर पसरलं, ऊन मातीला थेट लागू नये म्हणून. पाचट डायरीच्या बांधावरून आणलं. तो नको म्हणाला नाही. उलट म्हणाला, "न्या की, आपलंच आहे."

वहिनी सगळा दिवस बोलत होती. तिचं बोलणं म्हणजे तिचं टॉनिक होतं. "भाऊजी मत्स्यमंत्री झाले, तेव्हाच मी ओळखलं. ज्याच्या हातात मासे दिले त्याच्या तालुक्यात पाणी टिकायचं नाही." मग, "तुमचीही कमाल आहे. एक दगड घ्यायचा आणि कुलूप फोडायचं. सव्वीस वर्षांत एकदा तरी सुचलं का?"

"सुचलं," थोरले म्हणाले. "दर पाळीला सुचलं."

"मग?"

"त्याचा शब्द गेला असता."

वहिनीने खुडलेली लिंबं टोपलीत टाकली आणि नवऱ्याकडे नुसतं बघितलं. तिला राग आला होता, आणि त्याच्या आड कीवही होती. ती म्हणाली, "शब्द त्याचा आणि घसा आपला कोरडा."

नवव्या दिवशी पाटातलं पाणी चार बोटं उतरलं. पाटकरी सांगत आला की बारा दिवस होत नाहीत, उद्या दुपारी वरूनच बंद होतंय. शेपटाच्या शेवटच्या शेतात काल पाणी पोचलं होतं. तेवढं सांगून तो सायकल ढकलत गेला.

थोरले घरात गेले आणि पहार घेऊन आले. पहार घेऊन दारासमोर उभे राहिले. हात वर जाईना. सव्वीस वर्षांची सवय ती, दगडासारखी खांद्यावर बसलेली.

तेवढ्यात बांधाच्या पलीकडे गाडी थांबली. वर झेंडा नाही, मागे दुसरी गाडी नाही. धाकटा स्वतः चालवत आला होता. बूट हातात घेऊन तो ढेकळांतून वाट काढत आला. पायांना सवय नव्हती, प्रत्येक ढेकळावर तोंड वाकडं करत होता.

"यादी लागली," तो म्हणाला.

"मग?"

"तिकीट डायरीला दिलं."

वहिनी झाडाखालून म्हणाली, "कुणाला?"

"डायरीला. तो म्हणे तळागाळातला." धाकट्याने खिशातून किल्ली काढली. मखमलीचा एक लाल धागा तिला चिकटला होता. "घे दादा. आता कशाला ठेवू? वाटेत येताना तुझ्या झाडांकडे बघवेना. मी माणूस आहे की कोण?"

त्याचे डोळे भरून आले होते. थोरल्यांचा नऊ दिवसांचा राग एका दमात विरघळला. त्यांनी किल्ली घेतली, कुलपात घातली आणि फिरवली. किल्ली फिरली नाही. आतून गंजून कुलपाचा एकच गोळा झाला होता. दोघांनी आळीपाळीने जोर केला, आणि किल्ली कुलपात मोडली.

"मार," धाकटा म्हणाला.

या वेळी हात वर गेला. तिसऱ्या घावाला कोयंडा तुटला आणि कुलूप पाटात पडलं. पण दार खोबणीत बसलेलं, जागचं हलेना. दोघं पाण्यात उतरले. थोरल्यांनी खालून पहार लावली, धाकट्याने पांढरा सदरा चिखलात भिजवत वरून पत्रा धरला. "हां, जोर कर. पोटातून," थोरले ओरडले. पत्रा किंचाळला, वीतभर वर सरकला, आणि पाणी शेतात शिरलं. धाकटा तोल जाऊन पाण्यात बसला आणि लहान मुलासारखा हसायला लागला. थोरल्यांनाही हसू आवरेना. किती वर्षांनी दोघं एका कामाला लागले होते.

थोरल्यांनी फावडं घेतलं आणि पाणी पहिल्या आळ्याकडे वळवलं. कोरडी माती आवाज करत पाणी पिऊ लागली. वहिनी पाचट बाजूला करत पुढे चालली होती. दुसरं आळं भरलं, तिसरं भरलं. बादल्या नकोत, काही नको. नुसतं पायाने माती दाबायची आणि पाण्याला वाट दाखवायची.

दहावं झाड भरत होतं, तेव्हा गाडीत फोन वाजला. धाकटा निथळत गेला. थोरल्यांना त्याचं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. "हो... नाही, नाराज कशाला... तुमच्याकडून? ...हो, आहे की. कुलूप आहे..." मग बराच वेळ नुसतं हूं, हूं.

तो परत आला तेव्हा ताठ चालत होता. ढेकळं आता पायांना टोचत नव्हती.

"दादा, समोरच्या पक्षाचं तिकीट मिळतंय," तो म्हणाला. "ते म्हणतात, डायरीच्या समोर मीच हवा. त्याचा ऊस आणि माझं कुलूप. उद्या सकाळी त्यांचे मोठे साहेब येतायत. इथेच, कुलपासमोर सभा. फोटोवाले आणतायत."

थोरल्यांनी फावड्याने माती ओढली. पाणी अकराव्या आळ्यात गेलं.

"एवढं दार खाली घेऊ आपण. रात्रभर उन्हाचा त्रास नाही, झाडांना काही होत नाही. फोटो झाले की परत उघडू."

"उद्या दुपारी पाट बंद होतोय."

"मी फोन करतो ना. दोन दिवस वाढवून घेतो." तो जवळ आला. "दादा, सव्वीस वर्षं शब्द पाळला. एका दिवसासाठी घालवायचा?"

"कुणी पाळला?" थोरल्यांनी विचारलं.

गप्प बसणं हा धाकट्याचा धंदा नव्हता. ओल्या सदऱ्याच्या बाह्या वर करत त्याने पाटात बघितलं, मग तुटलेल्या कोयंड्याकडे, मग भिंतीवरच्या अक्षरांकडे. वहिनी पाचट हातात धरून थांबली होती.

"बरं, दार राहू दे," तो शेवटी म्हणाला. आवाज अगदी मऊ, ओसरीवरच्या माणसांशी बोलायचा तसा. "पण दादा, घरात असंच एखादं जुनं कुलूप असेल का रे? गंजलेलं?"

थोरले सरळ झाले. हातातलं फावडं दुसऱ्या हातात घेतलं, चिखलाचा हात सदऱ्याला पुसला, आणि भावाच्या खांद्यावर ठेवला.

"बघतो," ते म्हणाले, आणि पाणी बाराव्या झाडाकडे वळवायला गेले.